तुळईखालची सावली

रामहरीनं प्लॅस्टिकची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि बन्सीच्या तोंडावर हाणली. खुर्चीचा पाय मोडला, बन्सीची भुवई फाटली, आणि हर्सूलच्या तलावापलीकडच्या मोकळ्या जागेत भरलेली सरकारी सुनावणी बघता बघता उधळली. बाया लेकरं काखेत मारून पळाल्या. माईक खाली पडून किंचाळत राहिला आणि तो बंद करायचं कुणाला सुचेना.

तीन हजार माणसं बसतील असं सभागृह त्या जागेवर व्हायचं होतं. ते कशाचं बांधायचं, एवढ्याच प्रश्नावर ही सुनावणी होती. नकाशा काढणाऱ्या मंजुषाताई म्हणत होत्या, लाकडाचं. त्यासाठी त्यांनी तिथंच एक नमुना उभा केला होता. सागाच्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेले, कवेत न मावणारे चार खांब, त्यांच्यावर तेवढ्याच जाडीच्या तुळया, आणि वर तात्पुरतं तुराट्यांचं छप्पर. साग खुलताबादकडच्या बन्सीच्या बांधावरचा. सुतारकीही त्याच्याच हातची. टेकडीवरच्या क्रशरची धूळ लाकडावर बसू नये म्हणून तीन बाजूंनी हिरवी जाळी ताणलेली होती. धुळीनं ती हिरवी राहिली नव्हती, घोंगडीसारखी जाड आणि करडी झाली होती.

"सिमेंटच्या भट्ट्या धूर ओकतात आणि खडीसाठी डोंगर जातो," मंजुषाताई सांगत होत्या. "झाड वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतं. त्या झाडाची तुळई केली तर तो तिच्यात कोंडलेला राहतो. तोडलेल्या एका सागामागं तीन लावायचे, असं करारातच लिहिलंय."

"लाकूड जळतं, ताई," रामहरी मागून ओरडला होता. "येवढं शेंबड्या पोरालाबी कळतं."

"जळतं. पण इतकं जाड लाकूड वरून कोळसा होतं, आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला झाकून धरतो. सोमवारी समितीसमोर एक खांब पेटवूनच दाखवणार आहे मी."

लोक हसले. रामहरी हसला नाही. त्याचा आजा पालात जन्मला आणि पालातच मेला. बाप पंचावन्न वर्षं मेंढरांमागं उन्हातान्हात फिरला. रामहरी क्रशरवर सुरुंग लावायला लागला तेव्हा कुठं घराण्यात पहिल्यांदा डोक्यावर स्लॅब आला. तो ओतला त्या दिवशी त्यानं गल्लीत पेढे वाटले होते. आणि आता ही शिकलेली बाई येऊन सांगत होती की सिमेंट वाईट आणि लाकूड बरं.

"आमाला आत्ता कुठं स्लॅब गावला," तो म्हणाला, "आन् तुमी आमाला पुन्हा लाकडाखाली घालायला निघालाव."

तेव्हा बन्सी बोलला. बोलला नसता तर बरं झालं असतं.

"तुला स्लॅब गावला रं. बाप तुझा अजून सावली हुडकत फिरतो माळावर. ती कुणी फोडली, ते सांग की पंचायतीला."

त्यावर रामहरीनं खुर्ची उचलली होती.

*

दुसऱ्या दिवशी क्रशरचा मालक शिवराज त्याला जीपमध्ये बसवून खाणीच्या कडेला घेऊन गेला. खाली अर्धी टेकडी कापून काढलेली होती. उरलेली अर्धी नुसती उभी होती.

"बन्सीनं तक्रार नाय दिली," शिवराज म्हणाला. "मी बघून घेतलं. तू टेन्शन नको घेऊ."

"बरं, दादा."

"पण सोमवारचं काय? ती बाई खांबाला जरा चटका देईल, वरचा कोळसा खरवडून दाखवील, आन् साहेब लोक माना डोलवतील. सभागृह लाकडाचं झालं तर हा खाणीचा पट्टा बंद. मग दुसरी सरकारी कामंबी तशीच होतील. चाळीस घरं आहेत याच्यावर. तुझंबी त्यातच."

रामहरी खाली बघत राहिला. नमुन्याचं छप्पर तिथून काडेपेटीएवढं दिसत होतं.

"ती थोडं जाळणार. आपण सगळंच जाळू," शिवराज म्हणाला. "समितीला राख दिसली, मसला खतम. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. तिची माणसं जेवायला हर्सूलला जातात."

"दुपारी," रामहरी म्हणाला.

"एकच्या आत. क्रशर चालू असंल, आवाजात काय कळत नाय."

रामहरीनं मान हलवली. त्यानं आयुष्यात शेकडो सुरुंग लावले होते. एक काडी त्याला जड नव्हती.

त्या संध्याकाळी रामहरीचा बाप कारभारी दारात वाघरीची, मेंढरं कोंडायची जाळी ठोकून मेंढरं आत घेत होता. नवा स्लॅब झाल्यापासून त्याची खाट घरात होती, पण तो निजायचा बाहेर, मेंढरांपाशीच. त्यानं मेखेवर दगड घालत विचारलं, "बन्सीला मारलंस म्हनं."

"लई बोलला त्यो."

"बोलला आसंल." कारभारीनं दुसरी मेख घेतली. "तुमी दगडवाले टेकडी नेता. त्ये लाकूडवाले झाड नेत्यात. आमच्या मेंढरांना दोघंबी सारखेच. सावली जाती ती जातीच."

"मग कुणाच्या बाजूनं हायेस तू?"

"मेंढरांच्या," म्हातारा म्हणाला आणि हसला. त्याच्या तोंडात तंबाखू होती. बिडी त्यानं कधी ओढली नाही. उन्हाळ्यात माळावर खिशात काडीसुद्धा ठेवायची नाही, हा त्याचा दंडक होता. रामहरी सात वर्षांचा असताना वाळल्या गवताजवळ त्यानं गंमत म्हणून एक काडी ओढली, तेव्हा बापानं त्याला अशी थोबाडीत दिली होती की दोन दिवस कान वाजत होता. आसपासचे सगळे मेंढके कारभारीचा हा दंडक जाणून होते. उन्हाळ्यात नवखी पोरं माळावर निघाली की त्यांना त्याचंच नाव सांगत.

*

शनिवारी पाऊण वाजता रामहरी डिझेलचं कॅन घेऊन टेकडीच्या आडअंगानं उतरला. ऊन असं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. वर क्रशरचे जबडे खडखडत होते. त्या आवाजात माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

नमुन्याच्या मागच्या अंगाला तो आला. जाळीतून आतलं काही दिसत नव्हतं. वर्षभराची खडीची भुकटी तिच्यावर थापली गेली होती, आणि ती भुकटी रामहरीच्याच सुरुंगांची होती. त्यानं वाकून बघितलं नाही. बघायचं त्याला कारणच वाटलं नाही. त्यानं जाळीवर डिझेल फेकलं, दोन्ही मागच्या खांबांवर ओतलं, उरलेलं छपराच्या तुराट्यांवर उडवलं आणि काडी ओढली.

तुराट्या मे महिन्यातल्या. भक् झालं. तो कॅन घेऊन मागं पळाला आणि पन्नासेक पावलांवरच्या वठलेल्या बाभळीपाशी दम घ्यायला थांबला. त्याच वेळी वर क्रशर जेवणासाठी बंद झाला.

माळावर एकाएकी शांतता झाली. आणि त्या शांततेत घंटी वाजली.

ती घंटी रामहरीनं पैठणच्या बाजारातून आणली होती आणि म्होरक्याच्या गळ्यात स्वतः बांधली होती. म्होरक्या म्हणजे कळपाच्या पुढं चालणारा खस्सी बोकड. तो जाईल तिकडं मेंढरं जातात. घंटी आगीच्या आतून वाजत होती. मागोमाग बापाचा आवाज आला, "हुर्रऽ, हुर्रऽ", मेंढरं उठवायचा.

दुपारी मेंढरू चरत नाही. बारापासून तीनपर्यंत ते सावलीत बसतं आणि रवंथ करतं. धनगराच्या पोराला हे बोलायच्याही आधी कळतं. शिवराजला कळत नव्हतं. तो म्हणाला, दुपारी चिटपाखरू नसतं. रामहरीला कळायला हवं होतं. पूर्वी कळप टेकडीच्या खांद्यावरच्या कडुलिंबांखाली बसायचा. ते लिंब दोन वर्षांपूर्वी खाणीत गेले, आणि त्यांच्या मुळाशी भोकं पाडून सुरुंगाच्या कांड्या भरणारा रामहरीच होता. त्यानंतर बाप दुपारी कळप कुठं बसवतो हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्या उघड्या माळावर सावलीची एकच जागा उरली होती, आणि ती त्यानं आत्ता पेटवली होती.

कॅन टाकून तो पळाला.

उघड्या बाजूनं आत शिरताच ऊन आणि आग यांतला फरक त्याला कळला. वरून जळत्या तुराट्या पेंढ्यांनी पडत होत्या. मेंढरं पळत नव्हती. मेंढरू घाबरलं की दुसऱ्या मेंढराच्या पोटाखाली डोकं घालतं. सगळी मागच्या कोपऱ्यात, पेटत्या जाळीलाच चिकटून, एकमेकांत डोकी खुपसून उभी होती. त्यांच्या लोकरीला आग लागत होती आणि तरी ती जागची हलत नव्हती. एक मेंढी पाठ पेटलेली तशी त्याच्या पायाला धडकून पुढं गेली, आणि वळून पुन्हा कळपात शिरली. जळत्या लोकरीचा वास त्याच्या नाकातोंडात गेला.

कारभारी कोपऱ्यात दोन्ही हातांनी जळती जाळी फाडत होता. वितळलेली जाळी त्याच्या तळहातांना डकली होती आणि तो तशीच ओढत होता.

"बा! सोड त्ये!"

"म्होरक्या!" म्हातारा ओरडला. "म्होरक्याला वढ आधी!"

रामहरीनं बोकडाची शिंगं धरली आणि ओढला. बोकड पाय रोवून उभा राहिला. रामहरीनं त्याच्या तोंडावर गुडघा मारला, मानेला हिसका दिला आणि फरफटत उजेडात काढला. घंटी वाजत बाहेर गेली. तेव्हा कुठं एक मेंढी वळली, तिच्यामागं दुसरी, मग सगळा लोंढा रामहरीला तुडवत बाहेर आला. तो उठून पुन्हा आत गेला. छपराचा मोठा तुकडा कोसळून बापाच्या खांद्यावर पडला होता. म्हातारा गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या पटक्याला आग लागली होती. रामहरीनं पटका ओढून फेकला आणि बापाच्या काखेत हात घातले. निघता निघता त्यानं वर बघितलं. दोन्ही तुळया मशालींसारख्या पेटल्या होत्या. आता त्या पडणार, असं त्याला वाटलं. इतक्या आगीत काही उभं राहत नाही, असं तो स्वतःच चारचौघांत ओरडून सांगत होता.

तुळया पडल्या नाहीत. तो बापाला बाहेर घेऊन आला.

मंजुषाताईंची माणसं टँकर घेऊन येईपर्यंत अर्धा तास गेला. अकरा मेंढरं आतच राहिली. त्यांतली दोन अजून हलत होती. रामहरीनं दगड घेऊन ती शांत केली. 

*

सरकारी दवाखान्यात कारभारीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत बांधले होते. वॉर्डात जो येई तो रामहरीच्या पाठीवर थाप मारी. आगीत उडी घालून बापाला काढला, असा पोरगा असावा. शिवराजही सफरचंदं घेऊन येऊन गेला आणि जाताना रामहरीला डोळ्यानं खुणावून गेला.

सगळे गेल्यावर रामहरी खाटेपाशी बसला.

"क्रशरवर व्हतो," तो म्हणाला. "धूर दिसला, तसाच पळत आलो."

बाप छताकडं बघत होता. ते छत सिमेंटचं होतं आणि त्यावर पंखा संथ फिरत होता.

"व्हय," कारभारी म्हणाला. "लई लवकर आलास."

आणि त्यानं डोळे मिटले.  त्या टेकडीवरचं प्रत्येक अंतर बापाच्या पायांना पाठ होतं, हे रामहरीला माहीत होतं.

*

सोमवारी समिती आली, पण परीक्षेऐवजी पंचनामाच करायचा होता. छप्पर गेलं होतं, जाळी गेली होती. काळे चार खांब आणि काळ्या तुळया जशाच्या तशा उभ्या होत्या. कारभारी हट्टानं दवाखान्यातून आला होता आणि एका दगडावर बसला होता. उरलेलं मेंढरांचं खांड पलीकडं उन्हात होतं. बन्सीच्या भुवईला टाके होते.

समितीतले इंजिनिअर म्हणाले, "कोळसा किती खोल गेलाय ते बघायचंय. तासा जरा."

बन्सीनं आपला तासायचा वाकस काढला. त्यानं तो रामहरीपुढं धरला.

"तू तास. ताकद हाय तुझ्यात."

रामहरीनं वाकस घेतला आणि ज्या खांबावर त्यानं डिझेल ओतलं होतं त्याच खांबाला घाव घातला. कोळशाची खपली पडली. दुसऱ्या घावाला दुसरी. बोटाच्या दोन पेरांएवढं खोल गेल्यावर खाली पिवळं लाकूड लागलं, ताजं, सागाच्या तेलाचा वास असलेलं. इंजिनिअरनी पट्टी लावून माप घेतलं आणि वहीत लिहिलं. मंजुषाताईंनी खांबाकडं बघितलंही नाही. त्या म्हाताऱ्याच्या हातांकडं बघत होत्या.

"आग लागली कशी, बाबा?" हवालदारानं कागद काढत विचारलं. "कुणी दिसलं का?"

"कुणी नाय," कारभारी म्हणाला. "माझीच बिडी. डोळा लागला आन् हातातून पडली आसंल."

बन्सीनं चमकून वर बघितलं. शिवराज गाडीला टेकून उभा होता, तो पुढं आला.

"बघा साहेब," तो इंजिनिअरना म्हणाला. "एका म्हाताऱ्याच्या बिडीनं हे असं पेटतं. उद्या तीन हजार माणसं आत बसणार. हेच लिहा म्हणतो मी."

हवालदार लिहीत होता. रामहरीच्या हातातला वाकस थांबला. ज्या माणसानं उभ्या जन्मात माळावर काडी नेली नाही, त्याच्या नावावर आता आग लागणार होती. कारभारीनं बिडी ओढून स्वतःचीच मेंढरं जाळली, असं मेंढके वाड्यावाड्यांवर सांगणार होते, आणि बाप ते ऐकून घेणार होता. त्यानं ते ठरवूनच टाकलं होतं. रामहरीला वाटलं, यापेक्षा त्या दिवशीसारखी थोबाडीत बसली असती तर बरं.

"अंगठा द्या, बाबा," हवालदार म्हणाला आणि अडला. अंगठे पट्ट्यांत होते. त्यानं इकडंतिकडं बघितलं. "मुलगा तूच ना? ये. बापाच्या वतीनं तू सही कर, मी तसं लिहून घेतो."

कागद रामहरीसमोर आला. पेन धरताना त्याच्या बोटांचा कोळसा कागदाला लागला. जबाबाची शेवटची ओळ त्यानं वाचली, मग पुन्हा वाचली. शिवराज मागंच उभा होता. त्याच्या अत्तराचा वास येत होता.

"कर की," शिवराज हळूच म्हणाला.

"साहेब," रामहरी हवालदाराला म्हणाला, "क्रशर त्या तिथं वर हाय. तिथून हितं पळत यायला पंधरा मिन्टं लागत्यात."

"बरं, मग?"

"घंटी वाजली तवा मी त्या बाभळीपाशी व्हतो." त्यानं पेनानंच दाखवलं. "डिझेलचं कॅन तिथंच घाणेरीत पडलंय. बापाला बिडी कशी धरायची त्येबी ठावं नाय."

"गप, रामा," कारभारी म्हणाला. त्यानं उठायला बघितलं, पण हात टेकता येईनात. बन्सीनं पुढं होऊन त्याला दंडाला धरून उभं केलं. शिवराज गाडीकडं निघाला होता. इंजिनिअरनी त्याला थांबायला सांगितलं.

 हवालदारानं लिहिलेला कागद घडी करून बाजूला ठेवला आणि कोरा घेतला. ऊन डोक्यावर आलं होतं. म्होरक्या उठला होता, आणि मागं सगळं खांड घेऊन काळ्या तुळयांखालच्या अरुंद सावलीत येऊन बसत होता.

"पूर्ण नाव सांग," हवालदार म्हणाला.

"रामहरी," तो म्हणाला आणि बापाकडं वळला. बाप उभा राहून त्याच्याकडंच बघत होता. "रामहरी कारभारी शिंगाडे."